डाव्या नळीतलं घर

"आलं का?"

गाडीच्या काचेपुढे तांब्या घेऊन उभ्या असलेल्या काकी विचारायच्या, आणि पुढच्या चाकाजवळ उकिडवं बसलेल्या माणसानं उत्तर द्यायचं.

"आलं काकी."

"कोणीकडून?"

"डावीकडून."

"धार हाय का थेंब?"

"धार."

मग काकी उरलेलं पाणी उजव्या बाजूला ओतायच्या, आणि त्या माणसाला गाडीला वळसा घालून पलीकडच्या चाकाजवळ बसावं लागायचं.

तुम्ही शिरपूरजवळच्या आमच्या मालेगावात राहिला असाल आणि आमच्या गल्लीत कधी कामानं आला असाल, तर तुम्हीही तिथं बसला असाल. पोस्टमन बसलेला आहे, गॅसवाला बसलेला आहे. एकदा शाळा तपासायला आलेले साहेब माझी खोली विचारत आले, तर काकींनी त्यांनाही बसवलं. साहेबांनी पँट वर ओढली, बसले, "आलं" म्हणाले आणि नंतर मला हळूच विचारलं, "मॅडम, काय आलं?"

मी अनसिंग गावची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे सांगायला मला कुणी विचारावं लागत नाही. मालेगावच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा काकींच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला आले. काकी माझी ओळख नावानं कधी करून द्यायच्या नाहीत. "हे आमची बी.एस्सी.," म्हणायच्या, जणू मी त्यांच्याच घरात शिकले.

गाडी होती जुनी, सायीच्या रंगाची अँबेसेडर. काकांची. काका धान्याचे व्यापारी होते. ते गेले आणि वर्षभर गाडी टिनाच्या शेडखाली उभी राहिली. मग एके दिवशी काकींनी पदर खोचला आणि बाजार समितीच्या रिकाम्या मैदानात गाडी शिकायला सुरुवात केली. वय पन्नाशीच्या पुढे. लोक बघायला जमायचे. काकी काच खाली करून सांगायच्या, "पाहा, पण दुरून पाहा." शिकल्या. तेव्हापासून दर आठवड्याला शिरपूरच्या जैन मंदिरात देवदर्शनाला एकट्या जायच्या. कुणी म्हटलं, सोबत येऊ का, तर म्हणायच्या, "मंग बोलावं लागते."

आता ते पाणी. या गाडीला समोरच्या काचेच्या पुढे एक झडप असते. आतली दांडी ढकलली की झडप उघडते आणि बाहेरची हवा पायांपाशी येते. पण उघड्या झडपेतून हवेबरोबर पाणीही जातं, आणि कडुनिंबाची पानंही. म्हणून खाली एक पेटी असते आणि पेटीतलं पाणी जमिनीवर सोडायला दोन रबरी नळ्या, एक डावी, एक उजवी. नळी तुंबली की पाणी पेटी भरून आत उतरतं, पायाखालच्या मॅटखाली जाऊन बसतं आणि पत्रा खातं. दारांच्या खालच्या कडेलाही अशीच बारीक भोकं असतात. काकी सायकलच्या ब्रेकची तार घेऊन हे सगळं मोकळं करायच्या. आणि नळीत ओतायचं पाणीसुद्धा गाळून घ्यायच्या. जैनांच्या घरचं पाणी गाळलेलं असतं हे मला ठाऊक होतं, पण गाडीच्या मोरीसाठी गाळलेलं पाणी मी तिथंच पाहिलं.

गाडीच्या मिस्त्रीला याचं फार हसू यायचं. तो काकांच्या वेळेपासूनचा.

"काकी, त्या झडपेले सील मारून टाकतो. पान जाणार नाई, पाणी जाणार नाई. कायले रोज तार घालून राह्यल्या?"

"अन् मी आत बसून काय करू? बरणीतलं लोनचं हाव का मी?"

"एसी लावून देतो."

"तुह्या घरी लाव."

पण हे सगळं नुसतं हौसेचं नव्हतं. काकींचा मुलगा पुण्याला नोकरीला. सत्तरी ओलांडलेली आई एकटी गाडी घेऊन जाते, याची त्याला धास्ती. दर दिवाळीला गाडी विकायचा विषय निघायचा. शेवटी काकींनीच तोड काढली: गाडीचा खालचा पत्रा धड आहे तोवर गाडी माझी, पत्रा गंजला की काढून टाकू. तेव्हापासून तो दिवाळीला आला की चहाच्या आधी मॅट उचलून बघायचा. काकी दारात उभ्या राहून म्हणायच्या, "पाह्य, पाह्य. पोरगी पाहाले आल्यावानी पाह्य." पत्रा कोरडा निघायचा आणि काकींचं शिरपूर आणखी एका वर्षासाठी पक्कं व्हायचं.

चातुर्मासात त्या गाडी काढत नसत. पावसाळ्यात रस्त्यावर मृगाचे लाल किडे, गोगलगायी, बेडकं. चाकाखाली किती येतील याचा हिशेब कोण ठेवणार? तेव्हा ऐन पावसाचे चार महिने गाडी उभी. शेडचा टिन पुढून आखूड, गाडीचं नाक पावसातच असायचं. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर नळ्यांची मोठी सफाई व्हायची.

त्या वर्षी डाव्या नळीत तार अडली. काकींनी जोर लावला नाही. चष्मा सावरून खाली वाकल्या आणि तशाच बसून राहिल्या.

"बी.एस्सी., पाह्य बरं काय हाय."

मी मोबाइलचा उजेड टाकला. नळीच्या तोंडाशी मातीचं घर होतं, गुळगुळीत लिंपलेलं. कुंभारीण माशीचं. तिचं ते बारीक कमरेचं ध्यान माझ्या कानाजवळून गेलं आणि मी डोकं आपटून घेतलं.

मिस्त्री आला, त्यानं पाहिलं. "एका काडीचं काम हाय."

"लेकरं असतीन आत," काकी म्हणाल्या.

"काकी, तुमाले मालूम हाय का, हे माशी लेकरायच्या खान्यासाठी जिते कोळी भरून ठेवते त्या घरात. मोठी हिंसा करणारी बाई हाय ते."

"तिचं तिनं पाहावं. मी माह्यं पाहीन."

"अन् पानी?"

काकींनी दांडी ओढून झडप बंद केली. पण तिचं रबर जुनं, फटीतून पाणी जायचंच. मग आम्ही दोघींनी गाडीच्या नाकावर ताडपत्री बांधली, कडांना विटा ठेवल्या. पिल्लं उडाली की नळी मोकळी करायची, असं ठरलं. पाऊस आला की काकी खिडकीतून ताडपत्रीकडे बघत राहायच्या. जून गेला, जुलै गेला, आत थेंब नव्हता. मला वाटलं, जमलं; नळी पुन्हा पाहायचं मात्र राहून गेलं.

भाद्रपदातल्या दशलक्षण पर्वात काकी दहाही दिवस उपास करायच्या आणि दिवसभर मंदिरात असायच्या. त्याच दिवसांत एका दुपारी वादळी पाऊस झाला. मी शाळेत. आले तर ताडपत्री शेजाऱ्यांच्या तुळशीवर पडलेली. मी ती पुन्हा बांधली. काकी अंगात त्राण नसल्यासारख्या येऊन झोपल्या होत्या. मॅट उचलून बघायचं त्यांनाही सुचलं नाही, मलाही. पर्व संपल्यावर त्यांनी गाडीचं दार उघडलं आणि वासावरूनच कळलं. मॅटखालचा जाड गोणपाट पिळला तर पाणी गळत होतं. तो सुकवला, ऊन दाखवलं. पण पत्रा जुनाच. दिवाळीच्या तोंडावर काकींनी बोट टेकवलं, तर बोट आरपार गेलं.

मिस्त्रीनं तेव्हा नळी साफ केली. मातीच्या घराला गोल भोकं पडलेली होती.

"उडाले ना?" काकींनी विचारलं.

"कवाचेच उडाले." मग तो जवळ आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "नवा पत्रा मारतो, वरून रंग मारतो. दादाले बिलकुल कळनार नाई."

काकींनी लगेच नाही म्हटलं नाही. "रंग कोणता मारशीन?" असं विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला फोन करून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे."

मुलगा आला. चहाच्या आधी मॅट उचलली.

"आई, हे कसं झालं?"

"कुंभारनीनं नळीत घर केलं होतं."

"मग काढायचं ना ते."

"लेकरं होती."

त्यानं मॅट खाली ठेवली. चिडायला त्याला जागाच सापडेना. तोही त्याच घरात गाळलेलं पाणी पिऊन वाढलेला. तोच म्हणाला, "जाऊ दे. पत्रा बदलून घेऊ."

मला वाटलं, सुटल्या काकी. पण काकींनी मान हलवली.

"मीच बोलली होती, पत्रा गंजला तं गाडी काढू. आज पत्र्याचं आयकलं नाई, तं उद्या डोये जातीन तवा मी कोणाचं आयकीन?"

चातुर्मास संपल्यावर तो पुन्हा आला आणि म्हणाला, "शिरपूरला जाऊन येऊ." काकी गाडी चालवायला बसल्या, तो शेजारी, मी मागे. त्याच्या पायापाशी भोकातून रस्ता पळताना दिसत होता. त्यानं पाय वर घेऊन मांडी घातली.

"आई, हवा लय झकास येते खालून."

"पैसे पडतीन खिशातले. नीट बस."

दोघं हसत होते. त्या दिवशी काकी सोबतीला माणूस असूनही वाटभर बोलल्या. परत आल्यावर गाडी शेडमध्ये लावली, इंजिन बंद केलं आणि त्यानं मागायच्या आधी किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

नंतर काकी एसटीनं शिरपूरला जायला लागल्या. जागा ठरलेली, ड्रायव्हरच्या मागची. एकदा त्या एसटीचा ड्रायव्हर मला स्टँडवर भेटला. "मॅडम, तुमच्या काकी मागून सांगतात, आता गिअर उतरव. चाळीस जन बसेल असतात, सारे हासतात."

"मग तुम्ही काय करता?"

"उतरवतो. टायमावरच सांगतात ना त्या."

गेल्या उन्हाळ्यात काकी गेल्या. पहाटे, झोपेत. मुलगा येऊन सगळं करून गेला. घराला कुलूप आहे, मी अजून मागच्या खोलीत राहते.

परवा मी शिरपूरला निघाले. बस भरलेली, ड्रायव्हर तोच, त्याच्या मागं एक शेतकरी बाई मांडीवर टोपली घेऊन बसलेली. पूल ओलांडला आणि चढ लागला. इंजिन घरघरायला लागलं. ड्रायव्हरनं वरच्या आरशात मागच्या जागेकडे पाहिलं, क्षणभर थांबला आणि मग गिअर उतरवला.