देवाचा तोंडावळा

माणसाच्या तोंडाकडे इतकं मन लावून पाहणारा माणूस साऱ्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि त्यापायी आमच्या वडिलांची एसटी कधी वेळेवर पोहोचली नाही. वडील लोहारा-नळदुर्ग गाडीवर ड्रायव्हर आणि हे त्यांचे कंडक्टर. ही जोडी इतकी जुनी, की आम्हा भावंडांना त्यांचं खरं नाव शाळा सुटेपर्यंत माहीत नव्हतं. आमच्यासाठी ते कंडक्टरकाका. बाकीचे कंडक्टर प्रवाशाचा हात बघतात, हातात सुटे आहेत की नाहीत ते. काका चेहरा बघायचे. तिकीट फाडून पुढे करायचे आणि तिथेच थांबायचे. प्रवासी तिकीट ओढतोय, काका सोडत नाहीत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मान एका खांद्याकडे कललेली. एकदा नळदुर्गच्या ढाब्यावर त्यांनी एका ट्रकवाल्याला इतकं निरखलं, की त्या बिचाऱ्याने कुणी न मागता गाडीचे कागद काढून टेबलावर ठेवले. "कागद नगं बाबा," काका म्हणाले, "कुटंतरी बघितल्यावानी वाटायलंय, म्हनून बघायलो." ट्रकवाला पंजाबातला होता आणि काका उमरग्याच्या पलीकडे कधी गेले नव्हते.

काका ख्रिस्ती. त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून घरात तोच धर्म. नळदुर्गात एका बोळात पत्र्याचं छोटंसं प्रार्थनाघर आहे, तिथे दर रविवारी पांढरा शर्ट घालून पहिल्या बाकावर बसायचे. देवाने माणूस आपल्या प्रतिरूपात घडवला, हे तिथे त्यांनी लहानपणीच ऐकलं. बाकीचे लोक असली वाक्यं ऐकतात, मान डोलावतात आणि घरी जाऊन जेवतात. काकांच्या डोक्यात ते एकदा शिरलं ते बाहेर यायला तयार होईना. आपल्याकडे मूल जन्मलं की बायका पाळण्याभोवती जमतात आणि पहिला प्रश्न एकच असतो, कुणावर गेलाय? मग नाक आत्याचं ठरतं, कान आज्याचे ठरतात, आणि रंग चांगला असला तर दोन्ही घरांत वाद होतो. काकांचं म्हणणं असं, की हा प्रश्न माणूस मोठा झाल्यावर आपण बंद का करतो? "लेकरू बापावर जातंय. मग आपण समदे कुणावर गेलाव, ते हुडकाय नगं?"

वडिलांनी गाडीत काचेपाशी खंडोबाचा फोटो लावला होता आणि त्याला रोज हार घालायचे. काका तो हार कधी कधी स्वतः आणून द्यायचे. वडिलांनी एकदा विचारलं, "तुमच्यात देवाची मूर्ती का नसती वो?" काकांनी मागे वळून गच्च भरलेल्या गाडीकडे हात केला. "आमच्यात मूर्ती करायची मनाई हाय, कारण त्यानं सोताच करून ठिवल्यात. ह्या काय. अन् ह्यातल्या तिघांनी अजून तिकीट काढलं न्हाय."

अशा माणसाला शिवी देता येणं शक्यच नव्हतं, आणि शिवी न देणारा कंडक्टर ही मराठवाड्यातली अपूर्व वस्तू होती. फार संताप आला की ते दात आवळून एवढंच म्हणायचे, "आरं देवाच्या लेकरा." पण हे ते अशा सुरात म्हणायचे, की समोरचा पांढरा पडायचा. एका पैलवानाने दारात लोंबकळायचा हट्ट धरला होता. ते ऐकून तो मुकाट आत येऊन बसला आणि शेजारच्याला हळूच म्हणाला, "ह्यापरास आईवरनं दिली असती तर बरं हुतं."

रिटायर झाल्यावर तर विचारू नका. हल्ली आपल्या भागात पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, वाढदिवस संपला की शेतकरी ते उतरवून नेतात आणि कडब्याची गंजी झाकतात. उगाच ताडपत्रीला खर्च कशाला? काका सकाळी फिरायला निघाले की असल्या प्रत्येक गंजीपाशी थांबायचे. फ्लेक्सवरचा चेहरा वर केला तर कावळे घाण करतात, खाली केला तर कडबा तोंडाला टोचतो. यातलं कमी वाईट कोणतं, याचा ते खरोखर विचार करत उभे राहायचे. एका शेतकऱ्याने वैतागून विचारलं, "तुमच्या पार्टीचा हाय का त्यो?" काका म्हणाले, "न्हाय. पर माझ्या बापाचा हाय." त्या शेतकऱ्याने पुढचे काही महिने काकांना पुढाऱ्याचे सावत्र भाऊ समजून रामराम घातला.

एवढे चेहरे बघणाऱ्या या गृहस्थाच्या घरी आरसा मात्र नव्हता. दाढी चाचपून करायचे, त्यामुळे कानाखाली पांढऱ्या खुंटांचा एक पट्टा कायम राहिलेला. ड्यूटीवर जाताना आधी आमच्या घरी यायचे आणि आईसमोर टोपी सारखी करून उभे राहायचे. "वयनी, बघा बरं, कंडक्टर दिसायलो का?" आई भांग वाकडा असला तरी व्हय म्हणायची. आरसा का घेत नाही असं मी विचारलं, तर म्हणाले, "आपलं आपल्याला दिसत न्हाय गड्या. दुसऱ्यानं बघून सांगायचं असतंय." मला ते तेव्हा निव्वळ चिक्कूपणाचं लक्षण वाटलं.

पण त्यांचा खरा छंद होता तो पाळकसाहेबांशी वाद घालण्याचा. पाळकसाहेब म्हणजे त्या प्रार्थनाघराचे धर्मगुरू, शांत, सडपातळ, काकांच्याच वयाचे. काकांचा प्रश्न साधा होता. देवाला नाक-डोळे नाहीत, मग माणूस त्याच्यासारखा आहे तो कशात? पाळकसाहेबांनी सांगितलं, बुद्धीत. काका खूश होऊन गाडीवर आले. वडील म्हणाले, "मग जी मानसं लोहाऱ्याच्या गाडीत बसून तुळजापूरचं तिकीट मागत्यात, त्यांचं काय?" काकांना एकदम एक चेहरा आठवला. लोहारा स्टँडवर एक वेडी बाई असायची. तिला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, पण मिळालेल्या भाकरीतली अर्धी ती कुत्र्याला घालायची. काका रविवारी परत गेले आणि म्हणाले, "साहेब, बुद्धीचं जमंना. तिच्यात बुद्धी न्हाय, पर तोंडावळा हाय."

मग पाळकसाहेबांनी अधिकाराचं सांगितलं. देवाने माणसाला मासे, पाखरं, गुरंढोरं यांच्यावर सत्ता दिली आहे, त्यात त्याचं प्रतिरूप दिसतं. काकांनी पडताळा घ्यायला एक शेळी विकत घेतली. त्या शेळीने नाताळात दाराला टांगलेली कागदाची चांदणी खाल्ली, बाजेवरची उशी खाल्ली, आणि शेवटी काका बाहेर पायरीवर आणि शेळी आत बाजेवर अशी व्यवस्था कायम झाली. "सत्ता हाय," काका पाळकसाहेबांना म्हणाले, "पर कुनाची कुनावर ते एकदा शास्त्रात बघा." तिसऱ्या खेपेला पाळकसाहेबांनी सांगितलं, की माणूस एकटा असताना नव्हे, दुसऱ्याशी नातं जोडतो तेव्हा देवासारखा होतो. हे काकांना फार पटलं. धावत येऊन वडिलांना म्हणाले, "तू एकटा न्हाय, म्या एकटा न्हाय. म्या घंटी वाजवतो अन् तू गाडी हालवतूस, त्येच्या मधी हाय ते." वडील म्हणाले, "मग परवा किलच पलेट जाऊन गाडी हुबी ऱ्हायली तवा ते कुटं हुतं?" काका रागावले नाहीत. त्यांनी यावर दोन दिवस विचार केला.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण आमच्या धाकट्या बहिणीला, स्वातीला, मुलगी झाली.

पहिलं बाळंतपण, म्हणून ती माहेरी आमच्याकडे आलेली. मुलगी गुटगुटीत, केस दाट, पण वरचा ओठ मधोमध नाकापर्यंत दुभंगलेला. सोलापूरच्या डॉक्टरांनी धीर दिला, थोडी मोठी झाली की ओठ शिवता येतो, दूध पाजायची रीतही शिकवली. पण ईटला, स्वातीच्या सासरी, फोन गेला आणि तिकडून सासूबाईंचा एकच प्रश्न आला, "तुमच्या घरी गिराण पाळलं न्हाय का?" गरोदर बाईने ग्रहणात काही चिरलं की पोटातल्या बाळाचा ओठ चिरतो, असं आपल्याकडे अजून मानतात. स्वाती ग्रहणाच्या दिवशी चादर पांघरून नुसती पडून होती. तसं तिने सांगितलं, आईने सांगितलं, कुणी मानलं नाही. त्यानंतर तिकडून कुणी बाळ पाहायला आलं नाही. जावई फोनवर एवढंच म्हणायचे, "आई म्हणंल तसं." स्वाती रात्रंदिवस बाळाच्या तोंडावर पदर धरून बसायची. तिला नवऱ्याच्या घरी परत नेतात की नाही, हे आता त्या एका बाईच्या शब्दावर होतं, आणि आमच्या वडिलांनी, ज्यांना मी कधी गप्प पाहिलं नाही, बोलणं सोडलं होतं.

बारशाला सासूबाई आल्या. जावई आणि नणंद बरोबर होते. हातातली पिशवी त्यांनी उघडली नाही, मांडीपाशी धरून भिंतीला टेकून बसल्या. पाळण्याभोवती गल्लीतल्या बायका जमल्या, पण कुणावर गेलीय म्हणून एकीनेही तोंड उघडलं नाही. नाव ठेवून झालं, आरोही, तेही घाईघाईत. अशा वेळी काका दारात आले आणि बाप्ये बाहेर बसलेत, बायका आत आहेत, याची काही दखल न घेता सरळ पाळण्यापाशी गेले. त्यांनी बाळ उचललं, तोंडावरचं फडकं बाजूला केलं आणि चष्म्याजवळ धरलं. वडील उंबऱ्यातून बघत होते. काकांना खोटं बोलता येत नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या दिवशी त्याचीच भीती वाटली.

सासूबाई म्हणाल्या, "तुमी लई तोंडं बघता म्हनं, भाऊ. सांगा की मग. कुनावर गेलीया?"

काकांनी पुष्कळ वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मला न्हाय सांगता येत, विहीणबाई."

स्वातीने डोळे मिटले. काका तसेच बोलत राहिले, सासूबाईंशी कमी आणि स्वतःशी जास्त. "आमचं साहेब म्हनले बुद्धी. हिला अजून न्हाय. म्हनले सत्ता. हिला सोताची मान धरता येत न्हाय. मला वाटायचं, मानसाकडं कायतरी असतंय, त्यावरनं त्यो देवाचा वळखू येतो. हिच्याकडं तर काईच न्हाय. तरी बी म्या बघायलो तर नजर हालंना." "आमच्या प्रभूला लोकांनी मारून मारून तोंड असं केलं हुतं, की वळखू येऊ नये. आमी म्हंतो देवाचा खरा तोंडावळा त्यो, अन् त्याची ही गत. पर त्याची आई क्रुसाखाली हुबी हुती. ती गेली न्हाय."

आणि त्यांनी बाळ सासूबाईंच्या मांडीवर ठेवून दिलं. "माझी नजर आता अधू झालीया. तुमी आज्जी हाव. तुमीच बघून सांगा."

आता मांडीवर आलेलं लेकरू खाली ठेवायचं कुठे? सासूबाईंनी आधी समोरच्या भिंतीकडे पाहिलं, मग पाळण्याकडे, आणि मग दुसरं बघण्यासारखं काही उरलं नाही म्हणून खाली पाहिलं. बाळाने दुभंगल्या ओठाने मोठी जांभई दिली.

"कपाळ," सासूबाई म्हणाल्या, आणि आवाज नीट करून पुन्हा म्हणाल्या, "कपाळ माझ्या पोराचं हाय." मग एका हाताने त्यांनी ती पिशवी ओढली. आत कुंची होती, हाताने शिवलेली, काठाला बारीक टिपा घातलेली. बाळ होण्याच्या आधीच केव्हातरी शिवून ठेवली असणार. ती बाळाच्या डोक्यावर बांधता बांधता त्या पुटपुटल्या, "पर गिराण पाळाय पायजे हुतं." स्वाती हमसून रडायला लागली, आणि बायका एकदम बोलू लागल्या, नाक आईचं, हनुवटी आत्याची, बोटं कुणाची तरी.

काका बाहेर येऊन वडिलांजवळ बसले. चेहऱ्यावर मोठं कोडं. "म्हंजी ते तोंडात न्हायच का? मांडीवर घेनाऱ्याकडं हाय?" वडिलांनी डोळे पुसले आणि कित्येक दिवसांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "किलच पलेटवरनं आता मांडीवर आलाव व्हय?" काका म्हणाले, "साहेबास्नी इचारतो."

आरोही आता शाळेत जाते. ओठ शिवला, तिथे एक बारीक रेघ राहिली आहे आणि ती हसली की रेघ जरा वाकडी होते. काकांना काचबिंदूने गाठलं. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. सुट्टीत स्वाती आली की मी आरोहीला घेऊन त्यांच्याकडे जातो. ते पायरीवर बसलेले असतात, आणि रस्त्याने कोण चाललंय, त्याचं तोंड कसं आहे, हे ती त्यांना सांगत राहते. तिच्या सांगण्यात प्रत्येक माणूस कुणा ना कुणावर गेलेला असतो, एकजण तर त्यांच्या शेळीवर.

मागच्या खेपेला तिने मध्येच विचारलं, "आजोबा, तुमी कुनावर गेलाव?"

जन्मभर हा प्रश्न जगाला विचारत फिरलेल्या माणसाला तो कुणी विचारलाच नव्हता. "मला काय म्हाईत, बाळ," ते म्हणाले, "मला माझं दिसत न्हाय. तूच बघून सांग."

ती त्यांच्या मांडीवर चढली. दोन्ही हातांनी तोंड धरलं, मान एका खांद्याकडे कलती केली आणि बराच वेळ पाहत राहिली. कानाखालच्या खुंटांवरून बोट फिरवलं, मिटलेल्या डोळ्यांवरून फिरवलं.

"माज्यावर," ती म्हणाली.

काकांचा हात चाचपत तिच्या ओठावरच्या रेघेपाशी गेला आणि तिथेच राहिला. मी उगाच रस्त्याकडे बघितलं. मग ते म्हणाले, "हे साहेबास्नी सांगाय पायजे." पाळकसाहेब जाऊन आता दोन वर्षं झाली आहेत. काकांनाही ते माहीत होतं, मलाही. मी म्हणालो, "व्हय काका, सांगू."