कच्चा आकडा

१७ जानेवारी २०२५, शुक्रवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. अंबडच्या घरात माझ्या वडिलांनी, आप्पांनी, माझ्याकडे नोंदवही मागितली.

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांची हयात रसाची घनता मोजण्यात गेली होती. त्यांच्या वहीत मापकावर दिसलेला कच्चा आकडा आधी उतरे. तापमानाची दुरुस्ती शेजारच्या रकान्यात. खाडाखोड निषिद्ध. आता त्यांची फुप्फुसे आकसत चालली होती, नाकात प्राणवायूची नळी होती, आणि बोटाला मापक लावून रक्तातल्या प्राणवायूचा टक्का दर दोन तासांनी तशाच रकान्यांच्या वहीत नोंदवण्याचे काम माझे होते. अठ्ठ्याऐंशीच्या खाली आकडा गेला तर ताबडतोब जालन्याच्या रुग्णालयात हलवा, असे डॉक्टरांनी बजावले होते.

उरलेल्या वेळात मी त्यांच्या खाटेशी बसून शोधनिबंध पुरा करत होते. कृष्णविवर न होता त्याच्याइतकाच दाट राहणारा तारा गणितात शक्य आहे का, हा माझा प्रश्न. दाब सर्व दिशांना सारखा असेल, तर तेवढ्याच वस्तुमानाच्या कृष्णविवराच्या त्रिज्येच्या नऊ-अष्टमांश पटीशी तारा पोहोचताच केंद्रातला दाब अनंत होतो. त्याहून लहान तो राहूच शकत नाही. म्हणून मी समीकरणांत नुसता आडव्या दिशेचा दाब वाढवला होता. किती? तारा उभा राहील इतका. हे मी आप्पांना समजावले, तेव्हा ते नळी सारखी करत म्हणाले होते, "मंग तुझा ताराबी माझ्यासारखाच. नळीवर जगून राह्यलाय."

मी हसले होते. तो आक्षेप होता, हे मला कळले नव्हते.

त्या सकाळी त्यांनी वहीची पाने सावकाश उलटली. एकोणनव्वद, नव्वद, एकोणनव्वद. आठवडाभर एकही आकडा मर्यादेखाली नव्हता.

"कच्चा आकडा कुठंय, माय?"

मी सांगून टाकले. थंडीत बोट गार पडले की मापक कमी दाखवते, म्हणून मी बोट चोळत असे. तेवढे योग्यच होते. पण मग मी तीनदा मोजून त्यांतला सर्वांत मोठा आकडा लिहीत असे, आणि डॉक्टरांना फोनवर तोच कळवत असे. आप्पांना जालन्याला नेले तर ते परत येणार नाहीत, याची मला भीती होती.

ते रागावले नाहीत. बोट पुढे करून म्हणाले, "एकदाच लाव. दिसंल ते लिही."

रुग्णवाहिका आली. जालन्याच्या रुग्णालयात तिसऱ्या दिवशी आप्पा वारले. आणखी आधी आणायला हवे होते, असे तिथल्या डॉक्टरांनी म्हटले, तेही हळू आवाजात.

निबंध मी अजून पाठवलेला नाही. त्या ताऱ्याला बारीकसा धक्का दिला, तर तो टिकतो का, हे मी कधी तपासलेच नव्हते. आता तपासते आहे.

वहीतली शेवटची ओळ माझ्या अक्षरात आहे. दुरुस्तीचा रकाना कोरा आहे. सात वाजून वीस मिनिटे: ७९.