गुरुजींनी पाय पुढे केला

मंडळी, आज जठारपेठेत एका घरी सत्यनारायण सांगायला गेलो होतो. दोन तास मांडी घालून बसलो. चौथ्या अध्यायाला गुडघ्यामागची शीर अशी आखडली, की बसवेना आणि उठताही येईना.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, "गुरुजी, अर्ध्या तासानं पाय लांब करा, पंजा स्वतःकडे ओढा, तीस मोजा." पण देवासमोर पाय कसा लांब करू?

आरतीनंतर भिंतीकडे सरकून हळूच पाय ताणला. दहापर्यंत मोजलं असेल, तेवढ्यात घरची सून म्हणाली, "चला, गुरुजींनी पाय पुढे केला, पाया पडून घ्या."

रांगच लागली. पाय मागे घ्यावा, तर वळेना.

शेवटी पूजाभर खुर्चीवर बसलेल्या आजी नातीचा हात धरून कण्हत वाकल्या. मी म्हटलं, "आजी, राहू द्या. गुडघा दुखून राहिला म्हणून पाय लांब केला."

"मंग तुमी कावून खाली बसले? मले तर डॉक्टरनं खुर्चीच सांगतली."



आता उद्याच्या यजमानांना सामानाची यादी पाठवायची आहे. सुपारी, हळकुंडं, खारका लिहून झालं. खरं सांगा, शेवटी खुर्ची लिहू का?