उजव्या कानाची खाच

हे माझ्या बायकोला माहीत नाही. मुलांना माहीत नाही. बाप गेला तेव्हा त्याच्या उशाशी मीच बसलो होतो, त्यालाही सांगितलं नाही — आणि सांगायचं तर पहिलं त्यालाच सांगायला हवं होतं. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही माझे कुणी लागत नाही म्हणून. यात धैर्य वगैरे शोधू नका. धैर्याचं आणि माझं किती जमतं, ते पुढं दिसेलच.

आधी घर सांगतो. शेवगावच्या अलीकडे आमचं गाव. काळी रानं दुसऱ्यांची, आमच्या वाट्याला मुरमाड जमीन. तिच्यात बाजरीपेक्षा कुसळं बरी यायची. भाकरी, ठेचा, आणि चांगला दिवस असला तर कांदा. घरात मिरवावं असं एकच होतं — ढवळी गाय. मी पुण्याला कॉलेजात जायचं ठरलं तेव्हा बापानं ढवळी शेवगावच्या बाजारात उभी केली आणि मोकळा हात घेऊन घरी आला. आई त्या दिवशी गोठा झाडायला गेली आणि झाडत बसली. झाडण्यासारखं तिथं काही उरलं नव्हतं. पुढची चार वर्षं घरात दूध नाही. माझी धाकटी बहीण काशी कोऱ्या चहावर वाढली. एकदा मामाच्या घरी तिच्यापुढं दुधाचा चहा आला, तर म्हणाली, "मामी, ह्यो गढूळ कशानं झाला?"

सगळे हसले. मीही हसलो. ढवळीचं दूध मी पुस्तकातून पीत होतो, आणि हसत होतो.

बी.ए. होऊन परत आलो तेव्हा आमच्या गावात मी पहिलाच. मारुतीच्या पारावर मला नारळ दिला. कालपर्यंत "ए रंग्या" म्हणणारे "रंगनाथराव" म्हणू लागले. आणि मी? मला त्या लोकांची शिसारी यायला लागली होती. त्यांचं खाकरणं, मांडी खाजवत बोलणं, एक गोष्ट तीनदा सांगणं. मी पारावर बसायचो ते धोतर सावरून, जरा कडेला. या गाढवांपासून आपण सुटलो, असं मनात रोज एकदा म्हणायचो. एक गाढव सुटलेलं नव्हतं, ते मला दिसत नव्हतं.

हे स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीचं. नोकरीसाठी अर्ज करून मी घरी बसलो होतो. गावचे कुलकर्णी आजारी पडून नगरला गेले, तेव्हा पाटील म्हणाले, कुलकर्णी येईतोवर चावडीतल्या वह्या तुम्ही लिहा. तुम्हाला यात काय मोठं वाटणार? पण आमच्या घराण्यातल्या कुणी त्या वह्यांना कधी हात लावला नव्हता. लावला होता तो अंगठा. बापानं ते ऐकलं आणि घरी येऊन उगीचच पागोटं सोडून पुन्हा बांधलं.

त्याच आठवड्यात कुणाच्या तरी ज्वारीत एक कालवड सापडली. कोंडवाड्यात आणली. चुकलेलं जनावर आलं की त्याच्या खुणा वहीत लिहायच्या — रंग, डाग, कान. आमच्याकडे प्रत्येक घराची खूण वेगळी. कुणी विळा तापवून मांडीवर रेघा ओढतो, कुणी कानाला खाच पाडतो. धनी शोधत आला की त्यानं जनावर बघायच्या आधी चावडीत खुणा सांगायच्या. वहीशी जुळल्या तर दंड भरून न्यायचं. पंधरा दिवसांत कुणी आलं नाही तर लिलाव.

मी गेलो. हातात वही, कानावर टाक. कालवडीच्या मागं उभा राहून डाव्या मांडीवरच्या दोन उभ्या रेघा लिहिल्या. शेपटीचा पांढरा गोंडा लिहिला. मग शेण चुकवत पुढं आलो, तिच्या तोंडासमोर उभा राहिलो, आणि कपाळावरचा वाकडा चांद लिहिला. खाली लिहिलं — डाव्या कानास खाच.

कळलं का तुम्हाला? कुणब्याच्या पाच वर्षांच्या पोराला कळलं असतं. जनावराचं डावं-उजवं मागं उभं राहून धरायचं असतं, औतामागं उभं राहतात तसं. जनावराचा हात तोच आपला हात. मी समोर उभा राहिलो, फोटो बघावा तसा, आणि माझ्या डाव्या हाताला आला तो कान डावा लिहिला. चार वर्षांत मी एवढं शिकून आलो होतो. औतामागं कुठं उभं राहायचं, ते मात्र विसरून आलो होतो.

पण ही चूक. चूक कुणाचीही होते. हा कबुलीजबाब चुकीचा नाही.

चौथ्या दिवशी दुपारी गणपा आला. सोनईच्या वाटेवर दोन कोसांवर वस्ती होती, तिथला. वाळकं अंग, अनवाणी पाय, खांद्यावर नवं दावं. कालवड सापडली या आनंदात त्यानं दावंसुद्धा नवं वळून आणलं होतं. चावडीत सात-आठजण होते. माझा बाप नव्हता. तो बाजाराला गेला होता.

"बोल बाबा, खुना सांग," पाटील म्हणाले.

गणपा खाली बसला आणि जणू ती समोर उभी आहे असं हवेत हात फिरवत सांगायला लागला. "तांबूस हाय. कपाळाला चांद, पर वाकडा, डोळा मिचकावल्यावानी. गोंडा पांढरा. डाव्या मांडीवर इळ्याच्या दोन रेघा. आन् उजव्या कानाला खाच. आई हिला जलम दिऊन मेली, तवा माझ्या लेकीनं कन्यांची पेज पाजून वाढीवली. रंभी म्हनती तिला. औंदा वैशाखात लेकीचं लगीन हाय, तवा तीच आंदन द्यायची."

"लेकीचं नाव बी सांग की, म्हंजी आमी लग्नाला येऊ!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळे खिदळले. गणपाही हसला.

उजवा कान म्हणताना त्यानं स्वतःच्या उजव्या कानाला हात लावला होता. त्या क्षणी मला कळलं. संशय आला, असं मी म्हणणार नाही, कळलं. मी समोर उभा होतो, शेण चुकवून पुढं आलो होतो, सगळं डोळ्यांपुढं लख्ख आलं. आणि मी वहीवर बोट ठेवून म्हणालो, "डावा."

"न्हाई जी. उजवा."

"इथं लिहिलेलं आहे."

"लिवलं आसंल. पर कान उजवा हाय." त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. "वाड्यात चला की. धा पावलं न्हाईत."

दहा पावलं. सात-आठ माणसं होती तिथं. रस्त्यात उमटलेल्या खुरावरून कुणाचा बैल गेला ते सांगणारी माणसं! त्यातला एकही उठला नाही. सगळे माझ्या वहीकडे बघत बसले. वाचता एकालाही येत नव्हतं. मला त्यांची तेव्हाही किळस आली, आणि त्या किळसेचा मी फायदा घेतला.

पाटील जरा चुळबुळले. "बाकीच्या खुना तर बसत्यात की, रंगनाथराव."

मी काय केलं सांगू? मी तर्क लढवला. म्हणालो, रंग, गोंडा, चांद, मांडीच्या रेघा — हे लांबूनही दिसतं. कुणीही रानात बघून सांगेल. कानाची खाच जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. म्हणजे जी खूण खरा धनीच सांगू शकतो, नेमकी तीच चुकली आहे. आणि आता आत जाऊन बघू द्यायचं, तर नियम कशासाठी?

किती सुंदर, नाही? कॉलेजात असं बोललो असतो तर प्राध्यापकांनी पाठ थोपटली असती.

"आरं तिच्या, कानावर घावला!" मघाशी लग्नाची थट्टा करणारा तो मांडीवर थाप मारून म्हणाला. "न्हाईतर नेलीच हुती की गड्यानं!"

गणपा उभा राहिला. त्याचं तोंड उतरलं नव्हतं. बाकीच्यांना अजून कळत कसं नाही, एवढंच नवल त्यावर होतं. तो माझ्याकडेच बघून म्हणाला, "मास्तर, मी हितूनच हाक मारतो. रंभी म्हनून. हंबरली तर माझी, न्हाईतर मला जोडा मारा."

आणि मी म्हणालो, "आता जनावराची जबानी घ्यायची का?"

चावडी हसली. खूप हसली. गावात आल्यापासून पहिल्यांदा मी त्यांच्यातला झालो होतो.

तो गेला. कोंडवाड्याच्या कुडाला लागूनच वाट होती. एक हाक मारली असती तर सगळा निकाल तिथंच लागला असता. त्यानं मारली नाही. सात-आठजणांनी चोर ठरवलेला माणूस कुणाला हाक मारील? खांद्यावरचं दावं तेवढं त्यानं हातात घेतलं आणि चालायला लागला.

मग मी कोंडवाड्यात गेलो. या वेळी मागं उभा राहिलो. उजवा कान, खाच असलेला, माशी उडवायला हलला. गणपा अजून ओढ्याच्या चढावर दिसत होता. मी तरुण होतो, धावता येत होतं. मी तिथं उभा राहिलो, तो दिसेनासा होईपर्यंत.

का? कुणब्याच्या पोराला लिहायला बसवलं आणि पहिल्याच आठवड्यात त्यानं डावं-उजवं चुकवलं, असं कुलकर्णी परत आल्यावर पारावर ऐकू आलं असतं. ते ऐकायचं नव्हतं. एवढंच. याहून मोठं कारण मी पुष्कळ वर्षं शोधलं. नाही सापडलं.

पंधरा दिवसांनी लिलाव झाला. खुणा मोठ्यानं वाचून दाखवायच्या होत्या. वाचल्या मीच. कागदावर "डाव्या कानास खाच" होतं; मी "कानास खाच" एवढंच वाचलं. आणि पहिली बोली आली ती ओळखीच्या आवाजात — माझ्या बापाच्या. शेळ्या विकून आला होता. ढवळीची जागा भरायची होती त्याला. लिहिणाऱ्याचा बाप बोली बोलतोय म्हटल्यावर दुसरं कोण बोलणार? कालवड आमच्या गोठ्यात आली. आईनं तिच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं आणि नाव ठेवलं लक्ष्मी.

त्याच संध्याकाळी बाप तिचं अंग चोळत होता. चोळता चोळता थांबला. "रंगा, हिचा तर उजवा कान हाय रं. त्यो गडी कानावर चुकला म्हन्त्यात. कंचा सांगितला त्यानं?"

बापाला वाचता येत नव्हतं. चावडीतल्या लोकांना कोण खोटा ठरला एवढं आठवत होतं. कान कुठला, ते कुणाच्या लक्षात नव्हतं. वही माझ्याच हातात होती. मी म्हणालो, "त्यानं डावा सांगितला."

"मंग चोरच की," बाप म्हणाला, आणि पुन्हा चोळायला लागला.

त्यानंतर वीस वर्षं माझा बाप, ज्यानं कुणाचं कणीस मोडलं नाही, गणपाचं नाव निघालं की थुंकायचा. मी शेजारी बसलेला असायचो.

गणपाच्या लेकीचं लग्न झालं वैशाखात. मोडलं नाही. पण चावडीतली गोष्ट तिच्या सासरी पोचली होती. आंदण म्हणून गाय नाही हे दिसल्यावर सासरा मांडवात सगळ्यांदेखत म्हणाला म्हणे, "बरं झालं बाबा, चोरीचं जनावर आमच्या दारात आलं न्हाई ते." हे सांगणाऱ्यानं मला हसत सांगितलं. मीही हसलो, माझं हसणं कधी चुकलं नाही.

पुढं एकदा, कालवडीची गाय होऊन बरीच वर्षं झाली होती, गोठ्यात मी एकटाच होतो. काय वाटलं कोण जाणे, हळूच म्हणालो — रंभी. तिनं रवंथ करणं थांबवलं. खाच असलेला कान माझ्याकडे वळला, मग मान वळली. माझ्यामागं आणखी कुणी आलं आहे का, तेही तिनं बघून घेतलं. कुणी नव्हतं. पुन्हा मी त्या नावानं हाक मारली नाही.

वहीतला तो शब्द मी कधी बदलला नाही. गणपाला भेटलो नाही. त्याची वस्ती सायकलीनं अर्ध्या तासावर होती.

ती गाय आमच्याकडे नऊ वेळा व्याली. काशी दुधाचा चहा प्यायला लागली. तिच्या लग्नात आंदण म्हणून बापानं त्याच गाईची कालवड दिली. तिच्या गोऱ्ह्यांवर आमचं औत उभं राहिलं. मला नोकरी लागली आणि मी मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालो. गणपा मेला तेव्हा त्याच्या वस्तीवर आणि आमच्या गावात तो कालवडचोरच होता.