धरमपेठेतला तीन दिवसांचा ब्लॉक

१४ मे १९७६, शुक्रवार. खिशात तीनशे दहा रुपये. हजर मी, माझी पत्नी, आमची मोठी मुलगी आणि तिचा नागपूरचा मामा. आम्ही बस स्टँडसमोरच्या रसवंतीत उभे होतो आणि पुढचे तीन दिवस राहायचे कुठे, लॉजमध्ये की मामाने पाहून ठेवलेल्या ब्लॉकमध्ये, हे ठरत नव्हते. त्या काळी नागपुरात फ्लॅटला ब्लॉकच म्हणत.

आम्ही पवनीचे. वडील मागावर बसत, मी विणकरांच्या सोसायटीत हिशेब लिहीत असे. मुलगी बी.ए. झाली होती, चोवीस संपत आले होते. तिच्यासाठी खापरखेड्याच्या वीज केंद्रातला एक ज्युनिअर इंजिनिअर सांगून आला होता. आमच्यातलाच, कॉलनीत क्वार्टर असलेला. फोटोंची देवाणघेवाण झाली होती. याआधीचे दोन फोटो मुलीने न बोलता परत दिले होते. हा तिने आपल्या पुस्तकात ठेवला. आम्हाला तेवढ्यावरून समजले. म्हणून हे जमावे असे मलाही मनापासून वाटत होते.

पण मुलाच्या वडिलांचा निरोप आला की पवनीला येण्यात त्यांचा दिवस जातो, मुलगी नागपूरला दाखवा. मुलगी घेऊन मुलाच्या दारात जाण्याची आमच्यात रीत नाही, त्यामुळे खापरखेडा नको. मुलाची शिफ्ट पाहून शनिवार की रविवार ते कळवणार होते, म्हणजे दोन्ही दिवस आम्ही शहरात हवे. आता नागपुरात मामाचे घर असताना लॉज शोधायचे कारण काय? कारण दुसरा निरोप. तो मुलाच्या आईचा होता : "मागावरच्या घरी नको बाई. तिथे बसायचं कुठं?"

मामाचे घर तांडापेठेत होते. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल आणि माणसे. या बाईंचे सासरे त्याच गल्लीत, मामाच्या घरापासून चार घरे सोडून, आयुष्यभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. हे मला मामाने सांगितले तेव्हाच पहिल्यांदा शिसारी आली. ती गिळायला नको होती, पण पुस्तकात ठेवलेला फोटो आठवला आणि मी गप्प बसलो.

"मामाकडंच जाऊ ना, बाबा," मुलगी रसाचा ग्लास न संपवता म्हणाली. "काय होते?"

"काय होते म्हन्ते!" तिची आई म्हणाली. "मागावर बसवून दाखवू काय वं तुले?"

"मंग काय झालं? मले येते चालवता."

"भाऊजी, पह्यले लॉज पाहून घ्या," मामा म्हणाला. "चौदा रुपये रोज. नाई पटलं तं ब्लॉक हायेच."

लॉज स्टँडच्या मागच्या गल्लीत होती. काउंटरवरच्या मॅनेजरने आम्हा चौघांना पाहिले, मग मुलीला पुन्हा पाहिले, आणि पेनाचे टोपण दातात धरून विचारले, "लडकी कौन है? रिश्ता क्या लिखूँ?"

"मुलगी आहे माझी," मी मराठीतच म्हणालो.

"सब ऐसाच बोलते साहब. हमको तो लिखना पडता."

त्याच्या मागे बाकावर दोन माणसे पाय वर घेऊन बसली होती. ती हसली. मुलीने पदर खांद्यावरून पुढे ओढला आणि जिन्याच्या भिंतीकडे पाहत उभी राहिली. त्या भिंतीवर पाहण्यासारखे काही नव्हते. कमरेच्या उंचीपासून खाली पानाच्या पिंका, वर चुन्याची बोटे.

खोली दुसऱ्या मजल्यावर. चादर करड्या रंगाची होती, पण ती विकत घेतली तेव्हा पांढरी असावी, कारण घडीच्या आतली बाजू पांढरी होती. उशीवर तेलाचा गोल डाग. मी खाटेची पट्टी नखाने खरवडली तर ढेकूण निघाले. मोरीतल्या साबणावर कुणाचे तरी केस चिकटले होते. पत्नीने एकदा आत पाहिले आणि नाकाला पदर लावून बाहेर आली.

"अवो, या चादरीवर मी माही म्हैस नाई बसवत," ती म्हणाली.

तिथे चहाचे कप मांडून पाहुणे बसवण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही उतरलो. मॅनेजर म्हणाला, "देखने का पैसा नहीं लेते साहब." बाकावरचे दोघे पुन्हा हसले.

ब्लॉक धरमपेठेत, नवीन इमारतीत, पहिल्या मजल्यावर. मालक तळमजल्यावर राहत. पूर्वी इमारतींच्या ठेकेदारीत होते. मुलगा परदेशी गेला म्हणून हा ब्लॉक रिकामा. जाळीचा बनियन, कानात अत्तराचा बोळा, बोलताना काडीने दात कोरण्याची सवय. काडीला लागलेले ते पाहत आणि मग पुन्हा कोरत.

"पंचेचाळीस रुपये रोज," ते म्हणाले. "शंभर डिपॉझिट. सोफा, पंखे, सहा कपबशा त्याच्यातच. पोरगी दाखवाले आले ना जी? मंग फिकरच नाई. या हॉलमंधी आतापावेतो अकरा पोरी पसंत झाल्या. जागा चांगल्या पायगुणाची हाये."

मी मुलीकडे पाहिले नाही. मालकांनी मात्र पाहिले, कापडाचा पोत पाहावा तसे.

"उंची बी चांगली हाये," ते म्हणाले. "जमते हे."

"आम्ही जागा पाहायला आलो आहोत," मी म्हणालो.

"पाहा ना जी. आपलंच घर समजा. आन् एक सांगतो, पाव्हण्यायले भाड्याचं म्हणून सांगू नोका. तुमचीबी इज्जत, आमचीबी इज्जत."

लॉजचे तीन दिवसांचे बेचाळीस, इथले एकशे पस्तीस. पत्नी तोवर स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून आली होती आणि तिच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होते की ती परत लॉजमध्ये येणार नाही. मामा म्हणाला, "द्या भाऊजी. पोरीच्या कामाले काय पाहाता." मी पैसे दिले.

ब्लॉकही स्वच्छ नव्हता. सोफ्यावर प्लॅस्टिकचे कव्हर होते आणि त्याखाली झुरळांची अंडी. कपांच्या कडांना आधीच्या कुणाच्या तरी लिपस्टिकचा लाल पट्टा. एक खोली मालकांनी सामान ठेवून कुलूपबंद केलेली होती आणि तिच्या दाराखालून मेलेल्या उंदराचा वास येत होता. मी खाली जाऊन सांगितले. मालक म्हणाले, "मे महिन्यात थोडाफार वास येतेच जी," आणि किल्ली मुलाबरोबर परदेशी गेल्याचे सांगितले. पत्नीने दोन दिवस त्या दारापाशी उदबत्ती लावली. शनिवारी संध्याकाळपर्यंत उंदीर आणि उदबत्ती मिळून असा वास तयार झाला की मला भात खाववेना. आणि आम्ही तिघे त्यात बसून काय बोलत होतो? सोफ्यावर कोण कुठे बसेल, चहा आधी की चिवडा आधी, मुलीने कुठल्या दारातून यायचे.

"दोनच दारं हायेत आई," मुलगी म्हणाली. "एकातून उंदीर येऊन राह्यला. दुसऱ्यातून मी येतो."

आम्ही हसलो. त्या तीन दिवसांतले तेवढेच हसणे.

शेजारच्या किराणा दुकानाच्या फोनवर निरोप आला : रविवारी सकाळी दहा. रविवारी मुलीने पवनीची हिरवी सुती साडी नेसली, जरीची नेस म्हटले तरी ऐकले नाही. दहाला टॅक्सी थांबल्याचा आवाज आला, मी स्वागताला दार उघडले आणि दारावर माझ्या आडनावाची पाटी दिसली. पितळी, ठळक अक्षरांची. मी मामाकडे पाहिले.

"मालक पाच रुपयांत लावून देते," तो कुजबुजला. "सगळेच लावतात म्हणे. म्या देले पैसे, तुम्ही काही बोलू नोका."

मला पाटी उखडून काढायला अर्धे मिनिट लागले असते. पण पावले जिन्यावर आली होती आणि सगळ्यात पुढे मुलगा होता. फोटोतल्यापेक्षा बारीक, शर्टाची बाही नीट दुमडलेली. त्याने वाकून नमस्कार केला. मागून त्याचे आईवडील. वडिलांनी पाटी वाचली, चष्मा सारखा केला आणि पुन्हा वाचली.

बसणे झाले. मुलीने चहा आणला. मुलगा तिच्याशी सरळ बोलला. काय वाचता, नोकरी करायची आहे का, कॉलनीत शाळा आहे, तिथे शिक्षिका हव्या असतात. तिने विचारले, "रात्रपाळी असते तेव्हा दिवसा झोप लागते का?" तो म्हणाला, "पंखा बंद पडला की नाही लागत. वीज आम्हीच तयार करतो, पण आमच्याच कॉलनीची जाते." ती हसली. पत्नीने मला कोपराने हळूच ढोसले. मलाही त्या क्षणी उंदराचा वास येईनासा झाला होता.

मुलाचे वडील मात्र सोफ्यावर नव्हते. ते घरभर हिंडत होते. त्यांनी स्वयंपाकघराचा नळ सोडून पाहिला, संडासची साखळी ओढून पाहिली, गॅलरीच्या कठड्यावर थाप मारून पाहिली. बेसिनमध्ये पान थुंकले आणि वर पाणी सोडले नाही. परत येऊन बसले आणि ठेवणीतली शुद्ध भाषा काढून म्हणाले, "पाणी दोन्ही वेळेस असतं ना? छान. बांधकाम मजबूत आहे. ती बंद खोली धरून तीन खोल्या ना?"

"हो," मी म्हणालो. खोल्या तीनच होत्या.

"हे पाहा, आम्ही हुंड्याच्या विरुद्ध आहोत. एक पैसा नको. लग्नही साधं करा. फक्त हा ब्लॉक मुलीच्या नावावर करून द्या. शेवटी तुमच्याच मुलीचं ते. मुलाची कधी नागपूरला बदली झाली तर भाड्याच्या घरात का राहायचं?"

मुलाच्या आईने मान डोलावली. मुलगा कपात पाहत होता. तो काहीतरी बोलेल म्हणून मी थांबलो. मुलगीही थांबली होती, तिच्या हातातला ट्रे तसाच होता. त्याने कप उचलून उरलेला चहा पिऊन टाकला.

"हा ब्लॉक माझा नाही," मी म्हणालो. "पंचेचाळीस रुपये रोजाने तीन दिवसांसाठी घेतला आहे."

"आणि पाटी?"

"पाटीही भाड्याची. पाच रुपये."

मुलाच्या आईने चिवड्याची बशी खाली ठेवली. वडिलांची शुद्ध भाषा तिथेच संपली. "मंग काहून लावली जी पाटी? लोकायले फसवाले? आम्ही काय येडे हाओत?"

"पाटी म्या लावली," मामा मध्ये पडला. "भाऊजीले मालूम नव्हतं."

"तुम्ही चूप राहा. तांडापेठेतले लोकं असेच!"

"तांडापेठेतले?" मामा म्हणाला. "आन् तुमचा बाप कुठचा होता? माह्या बापासंग एकाच ओट्यावर तंबाखू खाये तो."

ते माझ्याकडे वळले. "तुम्ही हिशेबनीस ना? असाच हिशेब ठेवता सोसायटीचा?"

मुलीने ट्रे खाली ठेवला आणि मुलाच्या आईला विचारले, "काकू, आम्ही तुमाले मामाच्या घरी बोलावलं असतं, माग दाखवला असता, तं तुम्ही आल्या असत्या का?"

आईने मुलाकडे पाहिले, मुलाने आपल्या बुटांकडे. बूट नवे होते.

"चला," वडील म्हणाले. दारापर्यंत गेले, थांबले आणि परत आले. मला वाटले माफी मागतील. ते म्हणाले, "टॅक्सीचं काय?"

"कशाचं?"

"खापरखेड्याहून टॅक्सी केली आम्ही. जायचे यायचे अठ्ठावन्न रुपये. खोट्या पाटीसाठी आम्ही काहून भरायचे?"

"बाबा, राहू द्या ना," मुलगा म्हणाला. एकदाच, आणि तेही जिन्याकडे तोंड करून. पुन्हा म्हणाला असता तर माझे त्याच्याविषयीचे मत कदाचित वेगळे राहिले असते.

मामा बाह्या सारू लागला. पत्नी रडत स्वयंपाकघरात गेली. मी मुलीकडे पाहिले. तिचा चेहरा लॉजच्या जिन्यात होता तसा नव्हता, ती सरळ त्या माणसाकडे पाहत होती, बेसिनमधल्या पिंकेकडे पाहावे तशी.

"द्या, बाबा," ती म्हणाली. "या लोकायचं काही आपल्यापाशी नोको राह्यले."

मी दहाच्या सहा नोटा काढल्या. त्यांनी त्या बोटाला थुंकी लावून मोजल्या, खिशातून दोनची नोट शोधून मला परत केली आणि म्हणाले, "आपल्याला कुणाचं जास्तीचं नको." मुलगा खाली जाऊन टॅक्सीचे दार उघडून उभा होता.

रविवार, १६ मे. शेवटी दिले ते अठ्ठावन्न रुपये, मुलाच्या वडिलांना, रोख.