जीप दोघांची, पुस्तक एकाचं

माझ्या थोरल्या भावाच्या वाळूजच्या वर्कशॉपसमोर एक जुनी लष्करी जीप उभी असते. तिला हिरवा रंग दिलेला आहे, बोनेटवर पांढरा तारा आहे, आणि शेजारच्या पितळी पाटीवर लिहिलंय की ही गाडी आमच्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या जपली. आलेगेले तिला टेकून फोटो काढून घेतात. तो तारा खोटा आहे. आमच्या जीपवर तारा कधीच नव्हता, भावानं कुठलंसं चित्र बघून तो काढून घेतला. पाटीही खोटी आहे. आणि हा खोटेपणा कायद्यात बसवून देण्यात माझा हात आहे, म्हणून हे लिहायला बसले.

निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर दोनेक वर्षांनी छावणीत लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला, त्यात ही जीप आमच्याकडं आली. माझे वडील कोर्टात कारकून होते. निजामाच्या शाळेत शिकलेले, त्यामुळं उर्दू मोत्यासारखं लिहीत. गाडीतलं मात्र त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. कळत होतं ते चाचांना. चाचा हे वडिलांचे मित्र, सरकारी मोटारखान्यात मेकॅनिक होते आणि ॲक्शननंतर त्यांची नोकरी गेली होती. लिलावात ओळीनं लावलेल्या जीपांखाली एकेक करून ते उताणे झोपले, अंगाला ऑईल माखून बाहेर आले आणि शेवटून तिसरीवर हात ठेवून म्हणाले, हीच. दोघांनी निम्मे निम्मे घातले.

गाडी कुणाच्या नावावर घ्यायची, हा प्रश्नही चाचांनीच सोडवला. त्या दिवसांत मुसलमान तरुणाच्या दारात लष्करी जीप उभी दिसली असती, तर गाडी कुठून आणली हे कुणी विचारलं नसतं. तू कुणाच्या बाजूला होतास, हे विचारलं असतं. चाचा म्हणाले, "नोंदणीचं पुस्तक तुमच्या नावानं करा. हवा जरा थंड झाली की माझं नाव चढवू." वडिलांनी मान डोलावली. करार म्हणाल तर एवढाच.

जीप सरकारी खात्यांना भाड्यानं जाऊ लागली. मोजणीवाले, हिवतापवाले, दुष्काळाची पाहणी करणारे साहेब, ज्यांना ज्यांना रस्ता संपतो त्याच्या पुढं जायचं असे, त्यांना हीच लागे. कचेऱ्यांत वडिलांची ओळख होती, ते काम आणत. चालवणं आणि दुरुस्ती चाचांकडं. आणखी एक रीत आपोआप पडून गेली. कचेऱ्यांचा कारभार उर्दूतून उठून इंग्रजी आणि मराठीत गेला आणि चांगले शिकलेले चाचा एका रात्रीत निरक्षर झाले. नगरपालिकेची नोटीस असो की मुलाच्या शाळेचं पत्र, ते कागद घेऊन आमच्याकडं येत. वडील वाचून अर्थ सांगत आणि उत्तरही लिहून देत. चाचांनी कधी दुसऱ्या कुणाकडून खातरजमा करून घेतली नाही. वडील लोकांना कौतुकानं सांगायचे, मी त्यांचे कागद वाचतो, ते माझी गाडी वाचतात. माझी गाडी म्हणायचे. ऐकणाऱ्यांना ते खटकत नसे आणि चाचा तेव्हा बहुधा गाडीखाली असत.

गाडी म्हणून ती जीप मोठी नाठाळ होती. स्टिअरिंग डावीकडं, दारं नाहीत, समोरची काच बोनेटवर आडवी पडायची आणि खड्ड्यात गेली की बसणाऱ्याचं डोकं छताच्या दांडीवर आपटायचं. उन्हाळ्यात पायाखालचा पत्रा इतका तापे की साहेब लोक पाय वर घेऊन मांडी घालून बसत. पण पावसाळ्यात शेंद्र्याच्या पलीकडं काळ्या मातीत बैलगाडीसुद्धा अडकून पडे, तेव्हा हिची खरी किंमत कळे. चाचा आधी चाकांतली हवा कमी करत, शेताच्या बांधावरून कापसाच्या पऱ्हाट्यांचा भारा आणून चाकांखाली अंथरत आणि मग तो छोटा दांडा ओढत, ज्यानं चारही चाकांना जोर मिळतो. जीप आधी कुरकुरे, मग एकदम अंग झाडून बाहेर येई. गावातली माणसं बघायला जमत. साहेब खाली उतरून वडिलांना शाबासकी देत, कारण पांढरे कपडे वडिलांचे असत.

याच काळात आमच्या जिल्ह्याचं राज्य बदललं, आणि मग पुन्हा एकदा बदललं. आधी हैदराबाद, मग मुंबई, मग महाराष्ट्र. दर वेळी गाडीचं पुस्तक घेऊन कचेरीत जावं लागे, नवा शिक्का, नवा नंबर. दर वेळी चाचा विचारत, या खेपेला नाव चढवून घ्यायचं का. पहिल्या खेपेला साहेब ओळखीचा नव्हता. दुसऱ्या खेपेला साहेब ओळखीचा होता, पण गर्दी होती. पुढं पुढं वडील "करू की, गाडी काय पळून चाललीय?" असं म्हणून वेळ मारून नेत. माझे वडील लबाड नव्हते, असं मला अजूनही लोक सांगतात. मलाही तसंच वाटतं, आणि त्याचाच जास्त राग येतो. लबाड माणसाला निदान काहीतरी ठरवावं लागतं. यांनी काही ठरवलंच नाही, जन्मभर नुसतं पुढं ढकललं.

मला गाडी शिकवली चाचांनी. भावाला वडिलांनी हौसेनं शिकायला लावलं होतं. त्यानं महिन्याभरात क्लचची वाट लावली आणि नाद सोडला. मुलीला गाडी शिकवायची हे कुणाच्या मनातही नव्हतं. मी सतरा वर्षांची असताना चाचांच्या मागं भुणभुण लावली, तेव्हा ते आईची परवानगी काढून मला चिकलठाण्याकडच्या माळावर घेऊन गेले. आज तिथं कारखाने आणि इमारती आहेत, तेव्हा चिटपाखरू नसायचं. पाऊस पडून गेलेला होता. मी पहिल्याच ओढ्यात गाडी रुतवली आणि घाबरून ॲक्सिलेटर दाबत सुटले. चाचा शांतपणे म्हणाले, "पाय काढ, बेटी. चाक जागेवर फिरलं की गाडी खालीच जाते." मग मलाच खाली उतरवून पऱ्हाट्या आणायला लावल्या. हात सोलून निघाले. त्या दिवशी गाडी मी बाहेर काढली, ते नुसते शेजारी बसून होते. माझ्या स्वतःच्या बापानं माझ्यावर एवढा भरवसा कधी टाकला नाही.

पुढं काही वर्षांनी जीपचं मूळचं पेट्रोल इंजिन कायमचं बसलं. चाचांनी भंगारातून एक डिझेल इंजिन आणून, खोलून, घासूनपुसून ठेवलेलं होतं. कधीतरी स्वतःची एक गाडी करावी, म्हणून. ते त्यांनी आमच्या जीपमध्ये बसवलं. त्यांच्या घरातून कुरकुर झाली असणार. चाचा म्हणाले, "आपलीच तर गाडी हाय." नव्या इंजिनाचा नंबर पुस्तकात लिहून घ्यायला हवा होता. तेही वडिलांनी पुढच्या खेपेवर ढकललं, आणि पुढची खेप आलीच नाही. वडील गेले. तेराव्यानंतर चाचा आले, आईशी बोलले आणि निघताना भावाला हलक्या आवाजात एवढंच विचारलं, की नावाचं काय. भाऊ म्हणाला, बघू.

त्यानंतर कित्येक वर्षं जीप चाचांच्या गॅरेजमागं ताडपत्रीखाली पडून होती. आमच्या घरातून तिला बघायलाही कुणी गेलं नाही. चाचा आठ-पंधरा दिवसांनी तिचं इंजिन सुरू करून ठेवत. मग जुन्या गाड्या बाळगणं मोठ्या लोकांत प्रतिष्ठेचं झालं आणि भावाला वडिलांच्या आठवणींचा उमाळा आला. जीप वाळूजला नेऊन दारात उभी करायची, असं त्यानं ठरवलं. कागद नव्यानं करायला कचेरीत गेला तर तिथं अडलं. पुस्तकातला इंजिन नंबर एक, गाडीतला दुसरा. हे इंजिन कुणाचं, ते आधी लिहून आणा, असं त्याला सांगण्यात आलं.

भावानं वकिलाकडून एक प्रतिज्ञापत्र तयार करून घेतलं आणि माझ्याकडं आणलं. चांगलं दोन पानी कोर्टाचं मराठी. मी शाळेत मराठी शिकवते, मला ते वाचायला दोन मिनिटं लागली. चाचांनी आपलं इंजिन आमच्या वडिलांना कायमचं देऊन टाकलं होतं, असं त्यात होतं. आणि पुढं, सदर वाहनात त्यांचा कसलाही हक्क वा हिस्सा पूर्वी नव्हता, आज नाही आणि पुढंही राहणार नाही.

मी म्हटलं, हे धादांत खोटं आहे. त्यांची निम्मी गाडी आहे, तुला माहीत आहे.

"त्यांना आता कुठं चालवायचीय?" भाऊ म्हणाला. "उद्या त्यांची पोरं कोर्टात उभी राहतील, त्याचं काय? तू वाचून दाखव. तुझं ऐकतील ते."

मी नाही म्हणाले. खरंच म्हणाले, पण टिकले नाही. आई तेव्हा त्याच्याकडं असायची. तो उठता उठता म्हणाला, राहू दे, मी आईला सांगतो की तुला या घराचं काही पडलेलं नाही. लग्न झालेल्या बाईला कुठं धरायचं, हे भावांना बरोबर ठाऊक असतं. माहेर तुटेल म्हणून मी भ्याले. एवढंच कारण आहे, याच्याहून मोठं काही नाही. मोठं असतं तर मला तरी बरं वाटलं असतं.

दुपारी आम्ही चाचांकडं गेलो. पंचाहत्तरीला आले होते, चष्म्याच्या काचा जाड झाल्या होत्या. माझ्या हातात कागद बघून त्यांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांनी आमच्या घरातून त्यांच्याकडं कागद आला होता. चहा मागवला, मला खुर्ची दिली, भावाला बाजेवर बसवलं. मग म्हणाले, "पढ के सुना, बेटी. तेरे अब्बा सुनाते थे, वैसा."

मी वाचायला लागले. त्यांना समजावं म्हणून सोपं करून सांगत होते, वडील सांगायचे तसंच. गाडी तुम्ही दोघांनी मिळून लिलावात घेतली, असं लिहिलंय. इंजिन तुमचं आहे, तुम्ही स्वतःच्या हातानं बसवलं, असं लिहिलंय. इथून पुढं गाडी दोन्ही घरांची राहील, असं लिहिलंय. भाऊ बाजेवर बसून बुटांकडं बघत होता. माझा आवाज जराही कापला नाही. वर्गात पोरांना धडा वाचून दाखवायची सवय असते.

"माझं नाव हाय ना त्यात?" चाचांनी विचारलं.

मी म्हणाले, "आहे."

रस्त्यावरच्या पाट्यांची अक्षरं लावून लावून त्यांना स्वतःचं नाव मराठीत ओळखता येत होतं. मी दाखवलं तिथं त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग उर्दूत सही केली, जुन्या वळणाची, सावकाश. एक झेरॉक्स मला द्या, म्हणाले. भावानं नाक्यावर जाऊन ती आणून दिली. निघताना चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि भावाला सांगितलं, की थंडीत सकाळी एकदम रेस करू नको, इंजिन म्हातारं आहे.

त्यानंतर मी त्या घरी गेले नाही. ईदला बोलावणं यायचं, मी काहीतरी सबब सांगायची. वडिलांचीच मुलगी.

सहा-सात वर्षं गेली असतील. मागच्या उन्हाळ्यात एक मुलगी माझ्या दारात आली. चाचांची नात, नुकतीच बारावी झालेली. मी तिला ओळखलंच नाही, तिनंच ओळख सांगितली आणि मला फुफू, म्हणजे आत्या, म्हणाली. पाणी प्यायली. मग पिशवीतून घड्या पडून मऊ झालेली ती झेरॉक्स काढली.

"फुफू, हे दादाजानला तुमीच वाचून दाखवलं होतं ना?"

ती मराठी शाळेत शिकलेली होती. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

"घरी पाहुणे आले की ते हा कागद काढतात," ती म्हणाली. "आधी अब्बाला लावायचे वाचायला. अब्बाला हे मराठी येत नाय, ते नुसते हां हां करायचे. आता मला लावतात. पहिल्यांदा वाचायला घेतलं आन् मी मधीच थांबले. समदे माझ्याकडं बघायला लागले. दादाजानबी."

"मग?"

"तुमी काय वाचलं होतं ते त्यांना पाठ हाय. तेच सांगितलं मी."

मी काहीतरी बोलायला गेले, भावाशी बोलते म्हणाले, वकिलाकडं जाऊ म्हणाले. ती ऐकून घेत होती. दादाजान आता ऐंशीच्या पुढं गेलेत, त्यांना यातलं काही कळायला नको, एवढंच तिला सांगायचं होतं. मी कधी त्यांना भेटले आणि त्यांनी कागद पुढं केला, तर मीही तसंच वाचावं. मी तो कागद माझ्याजवळ ठेवू का, असं विचारलं. ती नको म्हणाली. घडी घालून तिनं तो परत पिशवीत ठेवला. रविवारी घरी पाहुणे यायचे होते, कागद लागणार होता.