उघडून दिलेली डबी

डॉक्टर एवारिस्तो मार्कानो अरायाच्या मिठागरावर आले होते वर्षभरासाठी. राहिले मात्र कायमचे. दिवसभर खारट पाण्यात उभं राहून माणसांच्या पायांना भोकं पडत, ती त्यांना बघवेनात. शेळीची चरबी, मेण, कोरफडीचा गर आणि जस्ताची पूड घोटून त्यांनी मलम केलं. बायको एर्मेलिंदा ते पत्र्याच्या डब्यांत भरी, मुली झाकणांवर कागदी पट्ट्या चिकटवीत. दुकान म्हणजे घराची पुढची खिडकी.

१९२६च्या मार्चात मीठ ओढणाऱ्या ब्रिहिदाचा डावा पाय चिघळला. बोटं काळी पडली.

"मलम लावतेस ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"आहे ना घरात, डॉक्टर."

"शुक्रवारपर्यंत काळं वर चढलं, तर पाय कापावा लागेल."

बुधवारी ते स्वतःच तिच्या घरी गेले. मारियामायच्या तसबिरीपुढे तीन डब्या ओळीनं मांडलेल्या, पट्ट्या शाबूत, पुढे मेणबत्ती.

"ही काय आरास?"

"जपून ठेवलंय. मोठ्या दुखण्याला."

"याहून मोठं दुखणं कुठलं गं, बाई?"

"ते आल्यावर कळेलच की!"

दारातून शेजारीण पेत्रोनिला फुशारली, "डॉक्टर, माझ्याकडे चार आहेत! हिच्याहून एक जास्त."

आता ओरडणार, म्हणून ब्रिहिदानं मान खाली घातली. डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी टोपी काढली, तसबिरीला मान लववली. "माय, एक डबी नेतो हं," म्हणत पट्टी फाडली आणि मातीच्या जमिनीवर बसून तिचा पाय मांडीवर घेतला. पांढऱ्या पाटलोणीला पू लागला. त्यांनी पाहिलंही नाही.

एवढा शिकलेला माणूस आपल्या पायाशी बसलेला ब्रिहिदानं जन्मात पाहिला नव्हता. पाय झोंबत होता, पण तिनं तो मागे ओढला नाही.

शुक्रवारी काळं होतं तिथंच थांबलेलं. डॉक्टर रोज येत राहिले. त्या दिवसांत खिडकीतून बंद डबी कुणालाच मिळाली नाही. डॉक्टर पट्टी फाडत, "पाय वर घ्या," म्हणत आणि मलमाचं पहिलं बोट स्वतः लावत.

"उघडलेली डबी बाहेरगावचा दुकानदार घेईल का हो?" एर्मेलिंदा कुरकुरली.

"ज्याचा पाय दुखतो तो घेईल."

मार्कानोंच्या घरानं पुढे तीच रीत ठेवली. कुमाना शहरातल्या व्यापाऱ्यांनी उघड्या डब्या पाहून तोंडं फिरवली, तरीही.

नवव्या दिवशी डॉक्टरांनी पायाला बांधलेलं फडकं सोडलं. दोन बोटं गेली होती. उरलेल्या पायावर, जखमेच्या कडेनं, कोवळी गुलाबी कातडी धरली होती. ब्रिहिदानं तिला हळूच बोट लावलं आणि लगेच मागे घेऊन ओठांना टेकवलं, चर्चमध्ये मूर्तीला हात लावल्यावर टेकवतात तसं.